उडत्या विमानातला व्हिडिओ दोघांना कसा दाखवायचा: सिग्नल स्प्लिटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, फोमची विमानं आणि छोटे ड्रोन उडवणारी मंडळी हल्ली बरीच दिसतात. विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल एकाच्या डोळ्यांवर आणि भोवती बघायला उत्सुक दहा जण, असं चित्र झालं की कुणीतरी स्प्लिटरचा विषय काढतोच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत. जिथे वेगळं काही म्हटलेलं नाही, तिथे ५.८ गिगाहर्ट्झवरचा ॲनालॉग व्हिडिओ गृहीत धरा.

स्प्लिटर नेमकं काय करतो?

एका अँटेनाने पकडलेला सिग्नल दोन किंवा जास्त रिसीव्हरांना वाटून देतो. वाटून देतो, वाढवत नाही. वाडीत शिंपण्याचा पाट दोन आळ्यांकडे फोडला की प्रत्येक आळ्याला अर्धंच पाणी जातं, तसंच हे. अर्धी शक्ती म्हणजे ३ डीबी (डेसिबल, शक्तीतला फरक मोजायचं माप) कमी. चार तोंडांचा घेतलात तर प्रत्येकाला पाव, म्हणजे ६ डीबी कमी. हे गणित कुठल्याही कंपनीला चुकवता येत नाही. चांगला आणि वाईट स्प्लिटर यांत फरक पडतो तो या ३ डीबीच्या वर आणखी किती खातो, यात.

मला तो खरंच लागणार आहे का?

बहुतेकांना नाही. विकत घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण दोन पडद्यांवर चित्र दाखवायला रेडिओ सिग्नलच फोडावा लागतो असं नाही. रिसीव्हरने सिग्नल पकडून त्याचं चित्र केलं की ते चित्रही फोडता येतं, आणि त्याने रेंजला धक्का लागत नाही. गॉगलला किंवा ग्राउंड स्टेशनला (जमिनीवरच्या रिसीव्हर-पडद्याच्या संचाला) एव्ही आउट, म्हणजे चित्र बाहेर काढायचं तोंड, असेल, तर तिथून एक वायर छोट्या पडद्याला किंवा डीव्हीआरला (रेकॉर्डरला) नेली की काम झालं.

इथे एक खोच आहे. पिवळ्या आरसीएच्या साध्या वाय केबलने दोन पडदे जोडले की चित्र अंधुक होतं, कधी लाटा येतात. ॲनालॉग व्हिडिओ ७५ ओहमच्या एका लोडसाठी असतो. दोन पडदे समांतर जोडले की लोड ३७.५ ओहम होतो आणि १ व्होल्टचा सिग्नल ०.६७ व्होल्टवर येतो. पडद्याला ७५ ओहमचं टर्मिनेशन (आतला लोड) बंद करायची सोय असेल तर एकाचं बंद करा. नसेल तर व्हिडिओ डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर मिळतो, सीसीटीव्हीचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. काम स्वस्तात होतं आणि उडवणाऱ्याच्या गॉगलला जाणारा सिग्नल शाबूत राहतो.

याहून सोपी गोष्ट म्हणजे दुसरा गॉगल किंवा पडदा त्याच्या स्वतःच्या अँटेनासह त्याच चॅनेलवर लावायचा. ॲनालॉग व्हिडिओ आकाशवाणीसारखा सगळ्यांसाठी खुला असतो, कितीही रिसीव्हर एकाच वेळी ऐकू शकतात. चार मुलांना दाखवायचं असेल तर स्प्लिटरचा विचारही करू नका.

मग लागतो कधी? जमिनीवर एकच मोठी, दिशा धरणारी अँटेना उंच काठीवर लावली आहे, आणि तिचा फायदा उडवणाऱ्याचा गॉगल व रेकॉर्डिंगचा वेगळा रिसीव्हर अशा दोघांनाही हवा आहे, तेव्हा. किंवा अँटेना ट्रॅकरला (अँटेना विमानाकडे वळवत ठेवणाऱ्या यंत्राला) आणि पडद्याला एकाच अँटेनातून सिग्नल पाहिजे, तेव्हा. शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने अगदी तेच चित्र, त्याच फाटण्यासकट, बघावं असं वाटत असेल तरीही त्याला अर्थ आहे.

स्प्लिटर लावल्यावर रेंज किती कमी होते?

६ डीबी गेले की रेंज निम्मी होते, हे सूत्र पाठ करा. दोन तोंडांचा चांगला स्प्लिटर एकूण साधारण ३.५ डीबी खातो. मग रेंज उरते आधीच्या दोन तृतीयांश. चार तोंडांचा असेल तर निम्म्याहूनही थोडी कमी.

कागदावर मांडू. विमानात २०० मिलिवॉटचा ट्रान्समीटर, म्हणजे २३ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). दोन्हीकडे साध्या, दीड-दीड डीबी वाढवणाऱ्या अँटेना. ५.८ गिगाहर्ट्झला एक किलोमीटर मोकळ्या हवेत जवळपास १०८ डीबी जातात. रिसीव्हरच्या तोंडाशी उरतात उणे ८२ डीबीएम. बरेचसे ॲनालॉग रिसीव्हर उणे ९० च्या आसपास बर्फ (पांढरे ठिपके) दाखवायला लागतात. म्हणजे हाताशी शिल्लक ८ डीबी. आता स्प्लिटरचे साडेतीन काढा, अर्धा मीटर बारीक केबल आणि दोन ॲडॅप्टर यांचे मिळून दीड काढा. उरले ३. विमानाने वळण घेतलं, अँटेना बॅटरीच्या आड गेली, की हे तीन कुठे जातात ते कळतही नाही.

केबलचं सगळे विसरतात, म्हणून वेगळं सांगतो. आरजी ३१६ सारखी बारीक केबल ५.८ गिगाहर्ट्झला मीटरमागे दोन डीबीहून जास्त खाते. एलएमआर ४०० एक मीटरला अर्ध्या डीबीच्या आतच राहते, पण ती जाड आणि ताठ. काठीच्या टोकावर अँटेना लावून खाली गॉगलपर्यंत बारीक केबल आणली, तर स्प्लिटरपेक्षा केबलच जास्त महाग पडते. त्यापेक्षा रिसीव्हरच काठीवर चढवा आणि खाली व्हिडिओची वायर आणा.

टीव्हीच्या केबलवाल्याकडचा स्प्लिटर चालेल का? घरात पडून आहे.

नाही. लोकांना वाटतं तो ७५ ओहमचा आणि आपलं सगळं ५० ओहमचं, म्हणून अडचण. त्या फरकाने प्रत्येक सांध्याला ०.२ डीबीसुद्धा जात नाहीत. खरी अडचण आत आहे. केबल टीव्हीचा स्प्लिटर फेराइटच्या बारीक कड्यांवर तार गुंडाळून केलेला असतो आणि ५ ते १००० मेगाहर्ट्झपर्यंतच काम करतो. डिशचा असला तर २४०० पर्यंत. ५८०० ला तो काय करील याची हमी कुणीच देत नाही. झाकण उघडून आतली कडी बघा, मुलांना दाखवा, आणि परत टीव्हीला लावून टाका.

आणि सरळ टी कनेक्टर?

चालतोसा वाटतो, हीच त्याची खोड. ५० ओहमची दोन तोंडं समांतर आली की २५ होतात, सिग्नलचा नववा हिस्सा उलटा फिरतो. कागदावर प्रत्येक बाजूला साडेतीन डीबीच कमी होतात, म्हणजे चांगल्या स्प्लिटरएवढेच. पण हे तेव्हा, जेव्हा दोन्ही रिसीव्हर अगदी ५० ओहमचे असतात. प्रत्यक्षात एकही नसतो. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ५.२ सेंटिमीटर, त्यामुळे एका बाजूची केबल बोटभर लांब-आखूड झाली तरी दुसऱ्या बाजूचं चित्र बदलतं. शिवाय एक रिसीव्हर बंद केला की दुसऱ्याचा सिग्नल हलतो. टी मध्ये दोन शेजाऱ्यांमधली भिंतच नाही.

स्प्लिटरचे दोन प्रकार, विल्किन्सन आणि रेझिस्टरवाला, यांतला कुठला?

विल्किन्सन. अर्नेस्ट विल्किन्सन या अभियंत्याने १९६० मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. मुख्य तोंडापासून दोन फाटे निघतात, प्रत्येक पाव तरंगलांबीचा आणि ७०.७ ओहमचा, आणि दोन्ही फाट्यांच्या टोकांमध्ये १०० ओहमचा एक रेझिस्टर. गंमत त्या रेझिस्टरमध्ये आहे. अँटेनाकडून येणारा सिग्नल दोन्ही फाट्यांत सारखाच असतो, म्हणून रेझिस्टरमधून काही वाहत नाही आणि तो काही खात नाही. पण एका रिसीव्हरकडून उलटं काही आलं, तर ते दुसऱ्याकडे दोन वाटांनी जातं, एक फाट्यांतून आणि एक रेझिस्टरमधून. दोन्ही उलट पडतात आणि एकमेकांना मारतात. त्यामुळे दोन रिसीव्हर एकमेकांपासून साधारण २० डीबीने सुटे राहतात.

पाव तरंगलांबी म्हटलं की बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा ठरावीक पट्टा, आलाच. २.४ साठी बनवलेला साधा विल्किन्सन ५.८ ला चालत नाही. दोन-तीन टप्पे जोडून केलेले रुंद बँडचे मिळतात, २ ते ८ गिगाहर्ट्झ असा शिक्का असलेले. एक घेऊन दोन्ही बँडला वापरायचा असेल तर असाच घ्या.

रेझिस्टरवाल्यात १६.७ ओहमचे तीन रेझिस्टर चांदणीसारखे जोडलेले असतात. कुठलीही फ्रिक्वेन्सी चालते, पण ६ डीबी जातात आणि तोंडांमध्ये आडोसाही सहाच डीबीचा. मोजमापाच्या टेबलावर तो उपयोगी आहे, सड्यावर नाही.

माहितीपत्रकात काय वाचायचं?

आधी फ्रिक्वेन्सी. तुमचा चॅनेल त्या पट्ट्याच्या टोकाला नको, मधे हवा. मग इन्सर्शन लॉस, म्हणजे स्प्लिटरमधून जाताना होणारी घट, आणि इथे विक्रेते थोडी हातचलाखी करतात. कुणी ३.५ डीबी लिहितो, कुणी ०.५ डीबी. दोन्ही एकच असू शकतात, दुसऱ्याने वाटणीचे ३ डीबी धरलेले नसतात. ०.५ वाचून हुरळून जाऊ नका. आयसोलेशन, म्हणजे दोन रिसीव्हरांमधला आडोसा, १८-२० डीबी असेल तर पुरे.

शक्तीची मर्यादा रिसीव्हरच्या बाजूला बघायची गरजच नाही, तिथे येतो तो सिग्नल नखाएवढाही नसतो. ट्रान्समीटर जोडणार असाल तर मात्र बघा, आणि दोन ट्रान्समीटर एका अँटेनात उलटे जोडणार असाल तर नीट बघा: प्रत्येकाची अर्धी शक्ती त्या १०० ओहमच्या बारक्या रेझिस्टरमध्ये तापून जाते. वाटपासाठी १० वॉट लिहिलेला स्प्लिटर जोडणीसाठी एका वॉटलाही टिकेल असं समजू नका.

चार तोंडांचा घेऊन दोन रिकामी ठेवली तर?

रिकाम्या तोंडांना ५० ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल जिरवणारं टोपण, लावा. उघडं तोंड सिग्नल परत फेकतं आणि बाकीच्यांचा हिशेब बिघडवतं. आणि टर्मिनेटर लावला तरी ६ डीबी जाणारच आहेत, ते परत मिळत नाहीत. दोनच लागत असतील तर दोनाचाच घ्या.

ॲम्प्लिफायर लावून नुकसान भरून काढता येईल?

येईल, पण जागा महत्त्वाची. अँटेनाच्या बुडाशी कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर, त्यानंतर केबल, त्यानंतर स्प्लिटर. या क्रमाने १५ डीबीचा ॲम्प्लिफायर स्प्लिटर व केबलचं नुकसान जवळजवळ झाकून टाकतो. स्प्लिटरनंतर लावलात तर जो सिग्नल आधीच गोंगाटात बुडाला तो गोंगाटासकट मोठा होतो.

दोन सावधगिऱ्या. ॲम्प्लिफायरला वीज केबलमधूनच जात असेल, तर स्प्लिटरचं एकच तोंड वीज सोडणारं आणि बाकीची अडवणारी हवीत. नाहीतर एका रिसीव्हरची वीज दुसऱ्याच्या तोंडात शिरते. आणि शेजारी अजून दोघे उडवत असतील तर त्यांचे ट्रान्समीटर ॲम्प्लिफायरला दमवतात. गर्दीच्या दिवशी तो काढून ठेवलेलाच बरा.

विमानात ट्रान्समीटरला स्प्लिटर लावून दोन पंखांवर दोन अँटेना बसवू का?

कल्पना मोहक आहे, पण नको. दोन्ही अँटेना एकच सिग्नल सोडतात आणि जमिनीवर तो दोन वेगळ्या अंतरांवरून पोचतो. काही दिशांना दोन्ही मिळून वाढतात, काहींना एकमेकांना पुसतात. अँटेनांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरलं, तर विमानाच्या भोवती चाळीसहून जास्त दिशांना असे खड्डे पडतात. विमान वळत गेलं की चित्र लुकलुकतं, आणि दोष रिसीव्हरला लागतो. फोम या लहरींना अडवत नाही. अडवतात ते बॅटरी, मोटर आणि कार्बन फायबर. एकच चांगली, गोल ध्रुवणाची (लहर मळसूत्रासारखी फिरवत सोडणारी) अँटेना शेपटीकडे, यांच्यापासून लांब बसवा.

डायव्हर्सिटी रिसीव्हरच्या दोन्ही तोंडांना एकाच अँटेनातून स्प्लिटरने सिग्नल दिला तर?

काहीच मिळत नाही, साडेतीन डीबी मात्र जातात. डायव्हर्सिटी दोन वेगळ्या अँटेनांतली त्या क्षणाला बरी कुठली ते निवडते. एका तोंडाला पॅच (एकाच दिशेला ऐकणारी चपटी अँटेना) आणि दुसऱ्याला सगळीकडून ऐकणारी अँटेना, अशी जोडी लावा.

सड्यावर चित्र छान येतं, पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) त्याच अंतरात फाटतं. स्प्लिटर खराब झाला का?

बहुधा नाही. ओहोटीला ओली पुळण आणि समुद्राचं पाणी या लहरींसाठी आरसा असतात. पाण्यावरून कमी उंचीवर उडणाऱ्या विमानाचा सिग्नल तुमच्याकडे दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा पाण्यावर आपटून. दोन्हींची गाठ उलटी पडली की सिग्नल क्षणभर खोल बुडतो. कातळावर हे कमी जाणवतं, कारण जांभा खडबडीत आणि सुका. म्हणजे खड्डे आधीही होते, पण हाताशी ८ डीबी होते तेव्हा त्यातले बरेचसे दिसत नव्हते. स्प्लिटरने शिल्लक कमी केली आणि ते उघडे पडले.

उपाय म्हणजे गोल ध्रुवणाच्या अँटेना, दोन्हीकडे एकाच हाताच्या, म्हणजे लहर एकाच बाजूने फिरवणाऱ्या. आपटलेल्या लहरीचा हात बरेचदा उलटतो आणि अँटेना तिला कमी ऐकते. अगदी तिरक्या कोनात, म्हणजे विमान लांब आणि खाली असताना, हा फायदा आटतो. मग उंची वाढवा किंवा डायव्हर्सिटी वापरा. माड-पोफळीच्या आड विमान नेऊन स्प्लिटरला दोष देणाऱ्यांना मात्र माझ्याकडे उपाय नाही. ओल्या झावळ्या ५.८ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतात.

डिजिटल गॉगलना स्प्लिटर चालतो?

डीजेआयसारख्या प्रणालीत गॉगलही विमानाकडे सिग्नल पाठवतो. स्प्लिटरमागे दुसरा रिसीव्हर जोडलात तर गॉगलची पाठवणी, आडोशातून गळलेली का होईना, त्याच्या नाजूक तोंडावर येते. असल्या प्रणालींना स्प्लिटर लावू नका, गॉगलच्या व्हिडिओ आउटमधून किंवा कंपनीने दिलेल्या प्रेक्षक सोयीतून काम करा. एचडीझीरो ही डिजिटल प्रणाली एकतर्फी आहे, तिथे ॲनालॉगसारखंच दुसरा रिसीव्हर त्याच चॅनेलवर ठेवता येतो.

कुठला चॅनेल वापरू? स्प्लिटर तर सगळेच सोडतो.

म्हणूनच जबाबदारी तुमच्यावर येते. भारतात २०१८ च्या अधिसूचनेने ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा, ठरलेल्या शक्तीच्या आत, परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. रेसबँड या चॅनेलसंचाचे आर ३ ते आर ६, म्हणजे ५७३२, ५७६९, ५८०६ आणि ५८४३, यात बसतात. आर ७ आहे ५८८० वर आणि आर ८ आहे ५९१७ वर, दोन्ही बाहेर. १.३ गिगाहर्ट्झचे ट्रान्समीटर झाडांतून लांब जातात म्हणून कुणी कौतुक करील, पण ते इथे परवानामुक्त नाहीत.

उडवण्याचे नियम वेगळे. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले. छंदाचं मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात उंची ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फूट, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय नाहीच. आपल्याकडे रत्नागिरी आणि चिपी, या दोन्ही विमानतळांची वर्तुळं सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर पाहून घ्या, नेहमीचा सडा त्यात येतो का ते तपासा. आणि दुसरा पडदा सोबत्याला देऊ नका. गॉगल घातलेल्याच्या शेजारी जो उभा आहे त्याने विमानाकडे बघायचं असतं.

खाऱ्या हवेत हे कनेक्टर टिकतात का?

सांभाळले तर टिकतात. स्प्लिटरचा एसएमए कनेक्टर (आट्यांचा छोटा जोड) पितळेचा, वर सोन्याचा पातळ मुलामा. मुलामा झिजला की खारा वारा आत शिरतो आणि आट्यांवर हिरवट कळंक धरतो. घरी आल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा फिरवा, सुकू द्या, तोंडांना टोप्या लावा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. घट्ट करताना फक्त नट फिरवा, कनेक्टरचं अंग फिरवलं तर मधली पिन घासली जाते.

नुसत्या पट्टीवर उघड्या रेघा असलेला स्प्लिटर स्वस्त पडतो, पण इथे घेऊ नका. रेघांवर दमट हवेचा थर बसला की त्याचं वागणं बदलतं. त्यावर वार्निश थापायची युक्ती कुणी सुचवील, तिनेही फ्रिक्वेन्सी सरकते. बंद ॲल्युमिनियमच्या डबीतला घ्या. बारीक यू.एफएल कनेक्टर तर तीसेक वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात, ते रोज उघडझाप करायचे नाहीत.

हातात आलेला स्प्लिटर खरा आहे का, हे कसं तपासू?

घरचा मल्टिमीटर बरंच सांगतो. विल्किन्सन असेल तर अँटेनाचं धरून तिन्ही तोंडांच्या मधल्या पिना एकमेकींना जवळजवळ शून्य ओहमने जोडलेल्या दिसतात, आणि पिन ते बाहेरचं कडं यात काहीच जात नाही. कुठल्याही दोन पिनांमध्ये ३३ ओहम दाखवत असेल तर तो रेझिस्टरवाला आहे, विल्किन्सन म्हणून विकला असला तरी. वीज अडवणाऱ्या तोंडावर मीटर काहीच दाखवणार नाही, त्यात बिघाड नाही.

पुढची पायरी उघड्या जागेत. ट्रान्समीटर विमानासकट पन्नास-साठ पावलांवर स्टुलावर ठेवा, जवळ उभं राहू नका, आणि रिसीव्हरवरचा आरएसएसआय (सिग्नलच्या ताकदीचा आकडा) वाचा: आधी अँटेना सरळ जोडून, मग स्प्लिटरच्या एका तोंडातून, मग दुसऱ्यातून. मोकळ्या तोंडाला टर्मिनेटर हवाच. दोन तोंडांत ठळक फरक दिसला तर वस्तू परत करा. स्वस्त नॅनोव्हीएनए (असे भाग मोजायचं छोटं यंत्र) यासाठी उपयोगी नाही, त्याची धाव दीड-दोन गिगाहर्ट्झच्या आतच संपते. लाइटव्हीएनए ६ गिगाहर्ट्झच्या पुढे जातो. कुणाकडे असेल तर मागून आणा.

जोडलं सगळं, पण चित्रच नाही.

पिन बघा. एसएमए आणि आरपी-एसएमए (पिन आणि भोक यांची अदलाबदल केलेला त्याचाच भाऊ) एकमेकांत आट्यांनी छान बसतात, आणि दोन्हीकडे नुसती भोकं असली तर आत काहीच टेकत नाही. एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला भोक, असं दिसेपर्यंत ॲडॅप्टर बदला.